ग्नूप्लॉटमधील चलत्‌चित्र-निर्मिती

गणितीय फलने व प्रयोगांतून मिळालेली आधारसामग्री यांचे आलेख काढणारे ग्नूप्लॉट हे संगणकावरील एक जुने व बहुप्रचलित साधन होय. वापरणाऱ्याने कळफलकावरून शब्दरूप आज्ञा द्यावयाच्या आणि त्यांनुसार आलेख पडद्यावर अथवा फाईलमध्ये उमटावयाचा, अशी त्याची पद्धती आहे. टॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी ते १९८६ मध्ये प्रथम सिद्ध केले. नावावरून ते ग्नू प्रकल्पाचे अपत्य असावे असे वाटते, परंतु तसे नाही. 'न्यूप्लॉट' नावाचा दुसरा कार्यक्रम अगोदरच अस्तित्वात असल्यामुळे उच्चारसाम्याचा आधार घेऊन हे नाव योजण्यात आले. एकामागून एक काढलेले आलेख एकाच फाईलमध्ये साठवून ते हलत्या चित्राच्या रूपात दाखविण्याची सोय या साधनास पुढे जोडली गेली. वरवर पाहता हा विस्तार लहानसा वाटतो. तथापि स्थिर चित्रासाठी रचलेल्या साधनास काळाची मिती जोडताना चित्र केव्हा पूर्ण झाले, दोन चित्रांच्या दरम्यान काय स्मरणात ठेवावयाचे आणि दाखविलेली गती कितपत खरी, हे प्रश्न नव्याने उभे राहतात.

रचना : ग्नूप्लॉटचे स्थूलमानाने दोन थर आहेत. गाभ्याचा थर आज्ञांचा अर्थ लावतो, फलनांची मूल्ये काढतो आणि बिंदूंच्या जागा ठरवितो. दुसरा थर 'टर्मिनल' या नावाने ओळखला जातो. त्यात प्रत्येक निर्गम-माध्यमासाठी स्वतंत्र चालक असतो. पान सुरू कर, लेखणी अमुक ठिकाणी ने, तेथून येथपर्यंत रेषा काढ, ही अक्षरे लिही, पान संपव, काम आटोप, अशा मोजक्याच क्रिया गाभा चालकास सांगतो. कागदावर प्रत्यक्ष लेखणी फिरविणाऱ्या आलेखक यंत्रांच्या काळाची ही ठेवण आहे. तिच्यामुळे नवे माध्यम आले की केवळ नवा चालक लिहावा लागतो, गाभ्याला हात लावावा लागत नाही. साधन इतकी वर्षे टिकले याचे बरेचसे श्रेय या ठेवणीस द्यावे लागेल.

स्थिर चित्राच्या चालकास 'पान संपव' ही सूचना मिळाली की त्याचे कर्तव्य संपते : चित्रबिंदू फाईलमध्ये लिहावयाचे आणि विसरून जावयाचे. अशा स्थितीत दुसरा आलेख त्याच फाईलमध्ये पाठविल्यास एका चित्राच्या मागे दुसरे चित्र नुसते चिकटते व बहुतेक दर्शक-कार्यक्रम पहिलेच चित्र दाखवून थांबतात. चलत्‌चित्रात मात्र पान संपणे म्हणजे केवळ एक चौकट संपणे होय. फाईल 'काम आटोप' या सूचनेनंतरच पुरी होते. म्हणून पहिल्या पानाच्या वेळी शीर्षभाग व आवर्तनांची संख्या, प्रत्येक पानाच्या वेळी विलंबकाल व चौकट आणि सर्वांत शेवटी समाप्तिचिन्ह अशा क्रमाने लिहिणारा, दोन पानांच्या दरम्यान स्मरण ठेवणारा चालक आवश्यक ठरतो. जीआयएफ स्वरूपात हे समाप्तिचिन्ह एकाच बाइटचे असून त्याचे मूल्य ५९ आहे. अक्षरसंकेतात ते अर्धविरामाचे मूल्य होय. निर्गम-फाईल बंद करण्याची आज्ञा न देता ती उघडून पाहिल्यास हा बाइट लिहिला गेलेला नसतो व चित्र अपुरे भासते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे.

स्वरूप व एकस्व : चलत्‌चित्रासाठी निवडलेले जीआयएफ हे स्वरूप कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखाली १९८७ मध्ये तयार झाले. त्याच्या १९८९ च्या आवृत्तीत प्रत्येक चौकटीमागे विलंबकाल, पारदर्शक रंग आणि पुढील चौकटीपूर्वी आधीची चौकट पुसावी की ठेवावी याची सूचना लिहिण्याची तरतूद झाली. हे स्वरूप चलत्‌चित्रांसाठी योजलेले नाही, तसा मर्यादित उपयोग करता येतो इतकेच, असे खुद्द त्या विनिर्देशातच नमूद केलेले होते! चित्रमालिका पुनःपुन्हा फिरविण्याची सोय तर मूळ विनिर्देशात नव्हतीच. ती नेटस्केप नॅव्हिगेटर २.० या ब्राउझरने १९९५–९६ च्या सुमारास एका पुरवणी विभागाद्वारे रूढ केली व तो विभाग आजही त्याच नावाने लिहिला जातो.

जीआयएफमधील संक्षेपण एलझेडडब्ल्यू या रीतीने होते. अब्राहम लेंपेल व जेकब झिव यांच्या रीतीत टेरी वेल्श यांनी सुधारणा करून ती १९८४ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिचे अमेरिकेतील एकस्व अर्थात पेटंट १९८५ मध्ये मंजूर झाले. ते पुढे युनिसिस कंपनीकडे होते. डिसेंबर १९९४ मध्ये या स्वरूपाचा वापर करणाऱ्या कार्यक्रमांकडून परवाना-शुल्क घेण्याचे जाहीर होताच विनामूल्य साधनांच्या कर्त्यांपुढे पेच उभा राहिला. स्थिर चित्रासाठी पीएनजी हे मुक्त स्वरूप १९९६ मध्ये सिद्ध झाले, पण ते हेतुतः एकाच चित्रापुरते ठेवलेले होते. ग्नूप्लॉट ज्या जीडी या चित्र-ग्रंथालयावर अवलंबून होते, त्याचे कर्ते टॉमस बूटेल यांनी १९९९ मध्ये जीआयएफ-लेखन काढून टाकले. अमेरिकेतील एकस्व जून २००३ मध्ये व इतर प्रमुख देशांतील एकस्वे २००४ मध्ये संपली. त्यानंतर जुलै २००४ मध्ये जीडीत ते परत आले. तांत्रिक ज्ञान उपलब्ध असूनही केवळ कायद्यामुळे एखादी सोय वर्षानुवर्षे खोळंबते याचे हे ठळक उदाहरण होय. त्या काळात अभ्यासक शेकडो क्रमांकित चित्रे स्वतंत्र फाइलींत काढून ती इमेजमॅजिकसारख्या दुसऱ्या साधनाने जोडीत असत. ही रीत अद्यापही नाहीशी झालेली नाही, कारण तीत एखादी बिघडलेली चौकट तेवढीच पुन्हा काढता येते.

ग्नूप्लॉटच्या जीआयएफ चालकास 'ॲनिमेट' हा शब्द जोडला की चलत्‌चित्र सुरू होते. सोबत विलंब, आवर्तने व काटकसर यांविषयी पर्याय देता येतात. काटकसरीच्या पर्यायात सर्व चौकटींस एकच रंगकोष्टक वापरले जाते आणि शक्य तेथे आधीच्या चौकटीहून भिन्न असलेला भागच साठविला जातो. मात्र पुढे लागणारा प्रत्येक रंग पहिल्या चौकटीतच आलेला असावा लागतो. २५६ रंगांचे कोष्टक ७६८ बाइटांचे असते. १०० चौकटींत त्याची पुनरावृत्ती टाळल्याने सुमारे ७६,००० बाइट वाचतात. उलट ६४० × ४८० चित्रबिंदूंच्या एका चौकटीस संक्षेपणापूर्वी ३,०७,२०० बाइट लागतात. तेव्हा ही बचत लहान चौकटींच्या अथवा लांबलचक मालिकांच्या बाबतीतच जाणवते आणि म्हणून हा पर्याय आपोआप लागू होत नाही, हे योग्यच आहे.

काळ व प्रमाण : विलंब सेकंदाच्या शंभराव्या भागांत, पूर्णांकाने सांगावा लागतो. न सांगितल्यास तो ५ धरला जातो, म्हणजे सेकंदास २० चौकटी होतात. सेकंदास ६० चौकटी हव्या असल्यास १.६७ हा विलंब लागेल व तो लिहिताच येत नाही. विलंब १ लिहिल्यास अनेक ब्राउझर तो १० समजतात. परिणामी चित्र अपेक्षेच्या दशमांश वेगाने चालते. ज्या आलेखात गतीच मोजावयाची आहे, तेथे हा दोष क्षुल्लक नव्हे. यासाठी प्रत्येक चौकटीवर काळाचे मूल्य अंकांत छापणे इष्ट ठरते.

याहून फसवा दोष अक्षांच्या प्रमाणाचा होय. मर्यादा सांगितल्या नाहीत तर ग्नूप्लॉट प्रत्येक आलेखासाठी त्या आधारसामग्रीवरून स्वतः ठरविते. एका चित्रात ही सोय असते, मालिकेत तीच दिशाभूल करते. उदा., दर १० चौकटींमागे निम्मा होत जाणारा तारेचा कंप घेतल्यास ४० चौकटींनंतर त्याचा परमप्रसर मूळच्या एक-षोडशांश होतो. पण अक्षही त्याबरोबर आकुंचन पावत असल्याने तार जवळजवळ पूर्वीइतक्याच जोराने कंप पावताना दिसते. बदलतात ते केवळ अक्षावरील आकडे, आणि हलत्या चित्रात ते कोणी वाचीत नाही. म्हणून आवर्तन सुरू करण्यापूर्वी दोन्ही अक्षांच्या, तसेच रंगाने मूल्य दर्शविले असल्यास रंगपट्टीच्याही मर्यादा निश्चित कराव्या लागतात. आवर्तनासाठी आज्ञांचा गट सरळ लिहिण्याची सोय ४.६ या आवृत्तीत (२०१२) झाली.

डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.० या आवृत्तीत गूगलच्या वेबपी या स्वरूपातही चलत्‌चित्रे काढता येतात. त्यात २५६ रंगांचे बंधन नाही आणि विलंब सेकंदाच्या हजाराव्या भागांत देता येतो. त्यामुळे एका चालकासाठी लिहिलेला विलंबाचा आकडा दुसऱ्यासाठी तसाच ठेवल्यास गती दसपटीने बदलते. पीएनजीचे चलत् रूप मोझिलाच्या कार्यकर्त्यांनी २००४ मध्ये सुचविले होते. पीएनजीच्या मूळ गटाने ते २००७ मध्ये नाकारले, तरी ब्राउझरांत ते रुळत गेले आणि २०२५ मध्ये पीएनजीच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचा अधिकृतपणे समावेश झाला.