वाघाच्या पवित्र्याची सत्तर वर्षं

पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ समाजात वडिलोपार्जित घर आणि जमीन आईकडून मुलीकडे जाते. पूर्वी मुलगा जरा मोठा झाला, की त्याची पथारी सुराउत, म्हणजे वाडीच्या लहानशा प्रार्थनागृहात. तिथे आधी कुराणपठण, मग अंगणात सिलेक या तिथल्या लढाऊ कलेचे धडे. पुढे नशीब काढायला परमुलखात जायचं, ही तिथली जुनी रीत. तिचं नाव मेरांताउ. निघण्यापूर्वी अंगात सिलेक मुरलेलं असावं, अशी घरच्यांची अपेक्षा.

त्यातला वाघाचा प्रकार, सिलेक हरिमाउ, भलताच बुटका. एक पाय दुमडलेला, दुसरा लांब पसरलेला, छाती गुडघ्याशी, एक तळवा मातीवर. मारायला वाकणाऱ्याचा तोल जातो आणि तेवढ्यात त्याच्या घोट्याला पायांची कात्री बसते. बोटं पंजासारखी वळलेली. निशाणा गुडघा, जांघ, डोळे. कुरांबित नावाचं छोटं वाकडं पातंही नखाचंच रूप.

18 मे 1948 रोजी सुराकार्तात ‘इप्सी’ ही इंडोनेशियाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि बेटोबेटीचे सिलेकसारखे प्रकार ‘पेंचाक सिलात’ या नावाखाली आले. 1987 मध्ये हा खेळ आग्नेय आशियाई स्पर्धांत शिरला. धडावरच्या ठोशाला एक गुण, लाथेला दोन, पाडलं तर तीन. नियम रास्तच, पण जांघ आणि डोळे बाद केल्यावर वाघाच्या हाती उरतं काय? 2018 च्या आशियाई स्पर्धेत यजमान इंडोनेशियानं सिलातच्या 16 पैकी 14 सुवर्णपदकं पटकावली; त्या झगमगाटात हरिमाउ शोधावाच लागला असता.

त्याची कसर सिनेमानं आधीच भरून काढली होती. माहितीपटासाठी इंडोनेशियात आलेल्या गॅरेथ इव्हान्स या वेल्श दिग्दर्शकाला इको उवाइस भेटला, तेव्हा तो टेलिफोन कंपनीत गाडी चालवत होता. त्याच्या घरचं सिलात जकार्ताच्या बेतावी परंपरेतलं. ‘मेरांताउ’ (2009) मधल्या मिनांग नायकासाठी त्याला हरिमाउ नव्यानं शिकावं लागलं, ते एडवेल युस्री या गुरूंकडे. पुढे ‘द रेड’नं (2011) इकोला जगभर नेलं.

2019 मध्ये युनेस्कोनं इंडोनेशियाचं पेंचाक सिलात आणि मलेशियाचं सिलात एकाच वर्षी, पण वेगवेगळ्या नोंदींनी अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. शेजाऱ्यांत भांडण नको, असाच तोडगा म्हणायचा! इंडोनेशियाच्या नोंदीत पश्चिम सुमात्रातल्या ‘सिलेक’ या नावाचाही उल्लेख आहे.