स्टुडिओ नाही, बँड नाही : रेमोनं घरातच केलेला ‘गोवन क्रेझी’ अल्बम आजही का ऐकावा?

‘प्यार तो होना ही था’चं टायटल साँग किंवा ‘बॉम्बे’ सिनेमातलं हिंदी ‘हम्मा हम्मा’ तुम्ही ऐकलं असेल, तर रेमो फर्नांडिसचा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. ही गाणी नव्वदच्या दशकातली. पण त्याआधी, १९८४ साली, याच माणसानं एक अल्बम काढला होता. त्याचं नाव ‘गोवन क्रेझी’. भारतातल्या इंग्रजी रॉक-पॉपची गोष्ट सांगताना हा अल्बम टाळून पुढे जाता येत नाही.

चंदगडहून तिलारी घाट उतरून दोडामार्ग ओलांडलं की गोवा लागतो. पुढे म्हापशाच्या जवळ शिवोली हे गाव आहे. रेमो तिथला. त्याचा जन्म १९५३ चा, म्हणजे १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. पोर्तुगीज गाणी, कोकणी मांडे आणि बाहेरून येणारं रॉक अँड रोल असं सगळं एकाच वेळी कानावर पडणारी ही पिढी. पुढे तो मुंबईत आर्किटेक्चर शिकला, ‘द सॅव्हेजेस’ या बँडबरोबर वाजवू लागला, युरोप-आफ्रिकेत भटकला आणि गावी परत आला.

अडचण काय होती?

त्या काळात आपल्याकडचे बरेचसे रॉक बँड परदेशी गाणी जशीच्या तशी वाजवायचे. ऐकणाऱ्यांनाही तेच हवं असायचं. भारतीय माणसानं स्वतः लिहिलेल्या इंग्रजी गाण्यांवर पैसे लावायला रेकॉर्ड कंपन्या फारशा उत्सुक नसत. स्वतःच्या खर्चानं चांगला स्टुडिओ घेणं गावातल्या कलाकाराच्या आवाक्याबाहेरचं होतं.

रेमोनं यातून वेगळी वाट काढली. टीॲक कंपनीचं चार ट्रॅकचं कॅसेट रेकॉर्डर घेतलं आणि घरातच काम सुरू केलं. गाणी त्यानंच लिहिली, चाली त्यानंच लावल्या. सगळी वाद्यं त्यानंच वाजवली, सगळे आवाज त्याचेच. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंगही त्याचंच. इतकंच काय, कव्हरचं डिझाइनसुद्धा त्यानंच केलं. मग कॅसेट तयार झाल्यावर पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन त्या पोचवल्या.

चार ट्रॅक म्हणजे नेमकं काय?

साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात. दोन ‘ए’ बाजूचे, दोन ‘बी’ बाजूचे. चार ट्रॅकचं मशीन हे चारही पट्टे एकाच दिशेनं वापरतं. म्हणजे एका पट्ट्यावर ताल भरायचा, तो ऐकत दुसऱ्यावर बेस, तिसऱ्यावर गिटार आणि चौथ्यावर गाणं. एकटा माणूस अख्खा बँड होऊ शकतो तो असा.

पण पाचवं वाद्य हवं असेल तर? मग भरलेले तीन पट्टे एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा मोकळे करायचे. याला बाउन्सिंग म्हणतात. मात्र याची किंमत मोजावी लागते. दर वेळी फितीची खरखर थोडी वाढते. शिवाय एकत्र केलेले आवाज परत वेगळे करता येत नाहीत. गिटार मोठी झाली असेल तर ती मोठीच राहणार. त्यामुळे अख्खं गाणं आधी डोक्यात तयार असावं लागतं.

याच पद्धतीनं अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ मध्ये ‘नेब्रास्का’ हा अल्बम केला होता. फरक इतकाच की तो तेव्हा मोठा स्टार होता आणि मागे मोठी कंपनी उभी होती. रेमोच्या मागे स्कूटर होती.

कॅसेटनं काय बदललं?

तबकडी छापायला कारखाना लागायचा. कॅसेटच्या प्रती मात्र लहान मशीनवर निघायच्या. त्यामुळे ऐंशीच्या दशकात भजनं, लोकगीतं, बोलीभाषेतली गाणी असं बरंच काही पहिल्यांदाच बाजारात आलं. ‘गोवन क्रेझी’ त्याच लाटेतला. पुढच्याच वर्षी रेमोनं गोव्याची जुनी गाणी घेऊन ‘ओल्ड गोवन गोल्ड’ काढला. १९८६ मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’ आला, त्याचं शीर्षकगीत अमली पदार्थांच्या विरोधात होतं. १९८७ मध्ये ‘जलवा’ सिनेमातून त्याचा आवाज देशभर गेला. २००७ साली त्याला पद्मश्री मिळाली.

आता ऐकायचा कसा?

आजच्या चकचकीत रेकॉर्डिंगशी तुलना करायला गेलात तर हा अल्बम पातळ वाटेल. म्हणून हेडफोन लावा आणि एका वेळी एकच गोष्ट पकडा. आधी फक्त बेस ऐका, मग गिटार, मग मागचे कोरसचे आवाज. हे सगळं एकाच माणसानं, एकापाठोपाठ एक वाजवलंय हे लक्षात ठेवा. समोर दुसरा वादक नसताना ताल कसा धरून ठेवलाय, याकडे कान द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे शब्द. भाषा इंग्रजी असली तरी गाव गोव्याचंच आहे. लंडन-न्यूयॉर्कचा आव आणलेला नाही. मराठी, कोकणी आणि कानडी यांची सरमिसळ असलेली चंदगडी बोली ज्यांच्या घरात बोलली जाते, त्यांना असं मिश्रण नवीन नाही. घाटाखालच्या एका घरात तेच मिश्रण गिटारवर आलं, एवढंच.