लॉगिन झालं, पण परवानगी कोणी दिली?

आज ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन. नावं सारखी, म्हणून गोंधळ होतो. पहिल्याचा प्रश्न ‘तू कोण?’, दुसऱ्याचा ‘तुला इथे काय करायची मुभा आहे?’

उदाहरण घरचंच घेऊ, सातबारा. रावेरची केळीची बाग असो की शिंदखेड्याचं कोरडवाहू शेत, महाभूलेखवर गाव आणि गट नंबर टाकला की कोणाचाही उतारा कोणालाही दिसतो. ही गळती नाही बरं का, हा अभिलेख मुद्दाम उघडा आहे. डिजिटल सहीचा उतारा हवा तर लॉगिन करून 15 रुपये भरायचे. तिथेही ‘शेत तुझंच का?’ असं कोणी विचारत नाही.

बदल करायचा म्हटलं की खेळ वेगळा. वारस नोंद आली की तलाठी फेरफार लिहितो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस मिळतात, आणि नोंद प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. लिहिणारा एक, मंजूर करणारा दुसरा. ही वाटणी 1966 च्या जमीन महसूल अधिनियमातली, कलम 150. ई-फेरफारने तीच सॉफ्टवेअरमध्ये आणली.

आता तुमचं ॲप. युजर टेबलमध्ये ‘ॲडमिन: हो की नाही’ एवढाच कॉलम असेल तर हे त्यात बसतच नाही. रोल लागतो, आणि रोलला हद्द लागते. साक्रीच्या तलाठ्याला यावलचा फेरफार लिहिता येता कामा नये.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: बटण लपवलं म्हणजे झालं, असं पोरांना वाटतं. अरे भाऊ, बटण युजरच्या मोबाईलमध्ये आहे! रिक्वेस्टमधला 1041 बदलून 1042 करायला किती वेळ लागतो? म्हणून तपासणी सर्व्हरवर, आणि दर रिक्वेस्टला. सेशन कोणाचं? रोल कोणता? नोंद त्याच्या हद्दीतली का? मंजुरी देतोय ती नोंद त्यानेच तर लिहिली नाही ना? एक जरी उत्तर चुकलं तर 403. ओवॅस्पच्या 2021 च्या यादीत ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल पहिल्या नंबरवर होतं, ते उगाच नाही.

आणि ओटीपी? त्याने फक्त सिम कोणाच्या हातात आहे ते कळतं. ई-पीक पाहणीत एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंदणी होते, कारण गावात घरोघरी स्मार्टफोन एकच असू शकतो. त्यामुळे मोबाईल नंबरला प्रायमरी की करू नका. युजर वेगळा, खातेदार वेगळा, आणि दोघांना जोडणारं टेबल तिसरं.

पुढच्या भागात सेशन आणि टोकन. भेटू!