बँडचे सर

आमचा मुलगा सातवीत असताना त्याच्या दातांना तारा बसल्या आणि घरातलं ट्रम्पेट हळूहळू गप्प झालं. ट्रम्पेटचा माउथपीस लहान. त्यावर ओठ थरथरवून सूर काढायचा. वरचा सूर लागेना की मुलं वाद्य तोंडावर दाबतात, आणि आत तारा असल्या की ओठ आतून सोलवटतो. महिनाभर तो काही बोलला नाही. रुमालाला रक्त दिसलं तेव्हा आम्हाला कळलं.

खरं सांगायचं तर मला जरा बरंच वाटलं. इथे अमेरिकेत बँड हा शाळेच्या वेळापत्रकातला विषय असतो, तरी आमच्या लेखी तो गणिताचा वेळ खाणारा उद्योगच होता. बँड सोडण्याचा अर्ज भरून मी सरांकडे गेले. सर साठीच्या घरातले, हळू बोलणारे. अर्ज वाचून त्यांनी विचारलं, "त्याचीही हीच इच्छा आहे?"

मी "हो" म्हणाले. त्याला मी विचारलंच नव्हतं.

"मग मला तीन आठवडे द्या," सर म्हणाले आणि अर्ज त्यांनी खणात ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरण्याआधी वीस मिनिटं ते त्याला घेऊन बसू लागले. कपाटातून त्यांनी युफोनियम काढलं. हे ट्यूबाचं धाकटं भावंड, मांडीवर घेऊन वाजवायचं. माउथपीस मोठा, त्यामुळे तारांवर दाब कमी. ट्रेबल क्लेफमध्ये लिहिलेलं संगीत असेल, तर तीन कळांवरची बोटं ट्रम्पेटसारखीच. "तू शिकलेलं काहीच वाया गेलेलं नाही," हे त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं. घरी आल्यावर मुलाने ते आम्हाला दोनदा ऐकवलं.

गृहपाठ एकच: रोज दहा मिनिटं एकच खालचा सूर, श्वास पुरेल तितका लांब. पुण्याहून फोनवर ते ऐकून माझी आई म्हणाली, "अगं, हा तर खर्ज भरतोय!" वाद्याचा फोटो पाठवला, तर ती खूश. तिच्या ओळखीचं निघालं ते, वरातीच्या बँडमधलं!

पुढे हायस्कूलच्या बँडने गुस्ताव होल्स्टचा १९०९ सालचा 'फर्स्ट सूट' वाजवला. त्याची सुरुवात युफोनियम आणि ट्यूबा करतात, तेव्हा बाकी सगळा बँड थांबलेला असतो. शेवटच्या रांगेत आमचे जुने सर येऊन बसले होते. होल्स्टची गोष्ट मुलाला त्यांनीच सांगितली होती. उजव्या हाताच्या दुखण्यामुळे त्याचं पियानोवादक व्हायचं राहिलं; ट्रॉम्बोन मात्र तो वाजवत असे. ऋग्वेदातल्या ऋचांना संगीत देण्यासाठी तो संस्कृत शिकला. आणि लंडनच्या एका मुलींच्या शाळेत १९०५ पासून १९३४ मध्ये मृत्यू येईपर्यंत शिकवत राहिला.

यंदा वसंतात सर गेले. त्यांच्या स्मरणसभेत जुन्या विद्यार्थ्यांनी बँड उभा केला. आमचा मुलगा आता नोकरी करतो. तो रात्रभर गाडी चालवून आला, युफोनियम मागच्या सीटवर.

तो अर्ज सरांनी तीन आठवड्यांनी मला परत दिला होता. कोरी पाकिटं असावीत तसा तो अजून माझ्या फाइलमध्ये पडून आहे. दर दिवाळीला मी सरांना चिवडा-चकली नेऊन देत असे. पण त्या दिवशी मी खोटं बोलले होते, हे त्यांना कधी सांगितलं नाही. मुलाला मात्र मी ते सभेहून परतताना सांगितलं.

"सरांना माहीत होतं, आई," तो म्हणाला. "त्यांनी मला दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं."