कचेरीचा सर्व्हर आणि परवान्याचा हिशेब

कचेरीसाठी गाळा भाड्याने घेताना करारनाम्यातील प्रत्येक कलम आपण दोनदा वाचतो. पण त्याच गाळ्यात जो सर्व्हर बसवावयाचा, त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना मात्र न वाचताच मान्य करतो. सर्व्हर म्हणजे कचेरीतील सर्व संगणकांना कागदपत्रे व हिशेब एकाच ठिकाणाहून पुरविणारा संगणक. त्यावरील सॉफ्टवेअर सहसा आपल्या मालकीचे होत नाही. ते वापरण्याची अनुज्ञा तेवढी मिळते. तिच्या मर्यादा पैसे देण्यापूर्वीच जाणून घेणे हिताचे होय.

समजा, आपल्या कचेरीत दोन पाळ्यांत मिळून २० माणसे ८ संगणकांवर काम करतात. मायक्रोसॉफ्टचा विंडोज सर्व्हर घ्यावयाचा, तर २०१६ च्या आवृत्तीपासून त्याचा परवाना प्रोसेसरमधील ‘कोअर’ मोजून दिला जातो. स्टँडर्ड आवृत्तीत यंत्राला ८ च कोअर असले, तरी किमान १६ कोअरचे मूल्य भरावे लागते. शिवाय सर्व्हरशी जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक माणसामागे किंवा प्रत्येक यंत्रामागे प्रवेश-परवाना वेगळा. वरील कचेरीने माणसे मोजली, तर असे २० परवाने लागतील; यंत्रे मोजली, तर ८ पुरतील. उलट, एकच माणूस कचेरीतील संगणक, लॅपटॉप व भ्रमणध्वनी वापरीत असेल, तर माणसे मोजणेच स्वस्त पडते.

दुसरा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरचा. लिनक्सचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतो, तो माणसेही मोजीत नाही व यंत्रेही. वापरा, अभ्यासा, बदला, इतरांस द्या, असे तो सांगतो. मात्र इतरांस देताना तेच हक्क त्यांनाही द्यावे लागतात. बंगळूरच्या जे. पी. नगरात कार्यालय असलेली झिरोधा ही शेअर दलालीची कंपनी २०१० मध्ये सुरू झाली. तिने आपल्या यंत्रणेचा मोठा भाग अशाच सॉफ्टवेअरवर उभारला. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने घडविलेली ईआरपीनेक्स्ट ही व्यवस्थापन-प्रणालीही तिने वापरली. पुढे २०२४ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर घडविणाऱ्यांसाठी वर्षाला १० लाख डॉलर देण्याचा निधी तिने जाहीर केला. फुकट मिळालेल्या वस्तूमागेही कोणाचे तरी श्रम असतात, याची ही जाणीव होय.

मात्र झिरोधापाशी स्वतःचे अभियंते आहेत; छोट्या कचेरीपाशी ते नसतात. परवान्याचे पैसे वाचले, तरी राखणीचे काम वाचत नाही. सुधारणा कोण बसविणार, रोजची राखीव प्रत कोण काढणार, यंत्र बंद पडल्यास कोणाला बोलवावयाचे, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच हा मार्ग धरावा. तसेच आपला हिशेबाचा कार्यक्रम कोणत्या प्रणालीसाठी केलेला आहे, हे आधी पाहावे. टॅलीप्राइम विंडोजसाठी असून, एका वेळी अनेकांना काम करावयाचे असल्यास त्याचाही बहुवापरकर्ता परवाना घ्यावा लागतो.

तिसरा मार्ग चोरीच्या प्रतीचा. तो मार्गच नव्हे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार संगणक-कार्यक्रमास साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे, आणि बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे. शिवाय अशा प्रतीतून शिरलेला विषाणू वर्षांची कमाई एका रात्रीत नाहीशी करू शकतो.

म्हणून खरेदीपूर्वी एका कागदावर माणसे, यंत्रे, हवे असलेले कार्यक्रम आणि पाच वर्षांचा एकूण खर्च लिहून काढा. विक्रेत्यास तोच कागद दाखवून लेखी उत्तर मागा, आणि परवाना व पावती गाळ्याच्या करारनाम्याशेजारी जपून ठेवा. सचोटीने चालविलेल्या धंद्याचा तोही एक दस्तऐवजच आहे.