कार्ड मेलं म्हणण्याआधी

मे महिना, चंद्रपूर, रात्रीचे साडेअकरा. या वेळेलाही भिंतीला हात लावला की चटका बसतो. तेंदूपत्त्याच्या हंगामावरची माझी शेवटच्या सेमिस्टरची डॉक्युमेंटरी एक्स्पोर्टला लावली आणि स्क्रीन काळी! कॅबिनेटचे पंखे फिरतायत, लाइट लागलेत, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'. तो शुक्रवार होता. सबमिशन सोमवारी.

पहिला विचार कोणता आला असेल? फुटेज गेलं! तेंदूचा हंगाम थोड्या दिवसांचा, तो काही माझ्यासाठी पुन्हा भरणार नव्हता. म्हणून तुम्हाला आधी हेच सांगते: ग्राफिक्स कार्ड बंद पडलं म्हणून तुमच्या सेव्ह केलेल्या फाइली जात नाहीत. त्या हार्ड डिस्कवर नाहीतर एसएसडीवर असतात. कार्डाचं काम स्क्रीनवर चित्र पाठवायचं. तेव्हा पाणी प्या, मग बसा.

शनिवारी सकाळी कॅबिनेट उचलून दुकानात नेलं. तिथल्या दादांनी ते उघडलंसुद्धा नाही. "कार्ड गेलं तुमचं. नवीन घ्या लागते." किंमत अठरा हजार. माझा स्टायपेंड किती ते विचारू नका. तेवढ्यात होस्टेलवाल्या एका मित्राचा फोन आला, "काउन घाई करतेस बे, आधी खोलून तर पाहू." त्या दुपारी जे शिकले, ते तुमच्यासाठी.

आधी केबल बघा. हसू नका. मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डात लावायची असते, मदरबोर्डच्या पोर्टमध्ये नाही. साफसफाईनंतर निम्मे लोक इथेच फसतात. मग भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कार्डाचा स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाची छोटी खिट्टी दाबा आणि कार्ड सरळ वर उचला. सोनेरी पट्टीवर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका, 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. बरीच 'मेलेली' कार्डं इथेच उठून बसतात.

माझं नाही बसलं. मग कार्ड बाजूला ठेवून मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडला. चित्र आलं! म्हणजे बाकी मशीन ठीक होतं. (तुमच्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ही युक्ती चालणार नाही, त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं.) आता खरी परीक्षा. माझं कार्ड मित्राच्या मशीनमध्ये लावलं. चाललं! त्याचं कार्ड माझ्या मशीनमध्ये लावलं. काळी स्क्रीन.

मेलं होतं ते कार्ड नव्हतंच. एसएमपीएसमधून कार्डाला वीज नेणारी केबल निरखून पाहिली तर टोकाची एक पिन काळवंडलेली. हिशेब असा असतो: मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो, आठ पिनची केबल आणखी १५० वॅट. ती केबल किंवा तिच्यामागचा एसएमपीएस लंगडा असेल, तर कार्ड कितीही धडधाकट असो, स्क्रीन काळीच. आणि माझा एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला, कूलरच्याच बोर्डवर लावलेला, अर्थिंगचा पत्ता नाही. साडेतीन हजारांचा नवा घेतला, त्याच्या स्वतःच्या केबलसकट. जुन्या एसएमपीएसची केबल नव्याला कधीही जोडू नका. टोक सारखं दिसलं तरी आतल्या तारांची मांडणी वेगळी असू शकते.

आता आपल्याकडची खास गोष्ट. एसी लावून २२ अंशांच्या खोलीत बसलेला यूट्यूबर सांगतो, "कार्ड ७० डिग्रीला चालतं, मस्त." कार्डाचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. खोली १५ अंशांनी गरम, तर कार्डही साधारण तेवढंच जास्त गरम. चंद्रपुरात बाहेर ४६-४७ असताना आपल्या खोलीत ४० असतात. मग तेच कार्ड ८५च्या पुढे जातं आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करतं. तुम्ही म्हणता, गेम अडकतोय. त्यात आपली धूळ! कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने. कार्डाच्या पात्यांमध्ये बसणारी भुकटी काळी का असते ते वेगळं सांगायला नको. कूलरचं तोंड कॅबिनेटकडे असेल तर त्या ओलाव्याने तिचा चक्क लेप होतो. माझ्या कार्डातून निघालेला लेप आईने पाहिला आणि विचारलं, "हे चुलीतून काढलंस का?" दोन महिन्यांतून एकदा ब्लोअर मारा, पण पंखा बोटाने धरून, हवेने तो भन्नाट फिरू देऊ नका.

चित्र येतं, पण गेम लावला की मशीन कोलमडतं किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कोड ४३' दिसतो? मग आधी ड्रायव्हरवर संशय घ्या. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने जुना ड्रायव्हर पूर्ण काढा, नवा टाका.

कार्ड खरंच जातं तेव्हा वेगळं दिसतं. विंडोज सुरू व्हायच्याही आधी, कंपनीचा लोगो येतो त्या स्क्रीनवरच रंगीत चौकोन, उभ्या रेघा. तिथे ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो, त्यामुळे दोष बहुधा कार्डाचाच. अशा वेळी पेचकस उचलण्याआधी बिल शोधा आणि वॉरंटीची तारीख पाहा. कूलर उघडला की काही कंपन्या हात वर करतात. आणि कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचे व्हिडिओ बघून स्वयंपाकघरात शिरू नका. उठलंच तरी चार दिवसांत परत झोपतं, आणि त्या ओव्हनमध्ये पुढे तुम्हालाच जेवण करायचं असतं. सेकंडहँड घेताना विचारा, कार्ड मायनिंगमध्ये होतं का? सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमचं मायनिंग थांबलं आणि रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं बाजारात आली.

माझी फिल्म रविवारी रात्री एक्स्पोर्ट झाली. भामरागडच्या एका मैत्रिणीचं कार्ड मात्र खरंच गेलंय, रंगीत चौकोनांसकट. वॉरंटी अजून बाकी आहे, खोकं पॅक करून ठेवलंय. पण सध्या पर्लकोटेला पूर आहे, रस्ता बंद. पाणी उतरलं की ते कुरिअरला जाईल.