क्रमांक कसा वाचावा?

बारावीनंतर कोठे शिकावे, हा प्रश्न तुम्हालाही पडेल. केंद्र सरकार २०१६ पासून शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर करते. विद्यापीठांच्या क्रमवारीत १०० पैकी ३० गुण अध्यापन व साधनांना आणि ३० गुण संशोधनाला असतात. शेजारच्या दोन क्रमांकांत पुष्कळदा एका गुणाचाही फरक नसतो. शिवाय, ज्या संस्था स्वतः माहिती पाठवतात, त्यांचाच विचार होतो. म्हणून घराजवळचे महाविद्यालय यादीत नसले, तर ते वाईटच असे समजू नका. नावाजलेल्या पण दूरच्या ठिकाणचा खर्च झेपला नाही, तर शिक्षण अर्धवट राहते. आधी महाविद्यालयात जाऊन या. आपला विषय कोण शिकवतात, ग्रंथालय केव्हा उघडे असते, फी किती, हे विचारा. मग निर्णय घ्या.